जुन्या व्हिडिओ गेमची आठवण कुणाची?

(सामुदायिक रेडिओवरील भाषणाचा मजकूर)

आम्ही बाळकुमच्या बचत गटातल्या बाया बोलतोय. बाळकुम म्हणजे ठाण्याहून भिवंडीकडे निघालात की कापूरबावडी सोडल्यावर, काशेळीच्या खाडीपुलाच्या अलीकडचं गाव. गावठाण अजून जागेवर आहे, पण भोवती टॉवर उभे राहिलेत आणि रस्त्यावर मेट्रोचे खांब आलेत. त्यामुळे आम्ही धड गावच्या नाही, धड शहरच्या नाही. दोन्हीकडचं दिसतं, एवढं मात्र खरं.

आज बोलायचं आहे ते हातात धरून खेळायच्या व्हिडिओ गेमबद्दल. हसू नका. मसाले, पापड, कर्जाचा हप्ता सोडून हे काय मध्येच, असं वाटेल. पण जत्रेच्या हंगामाआधी एक घाऊक माल देणारा आमच्या गटाकडे आला आणि म्हणाला, ताई, या खेळण्याचे शंभर नग ठेवा, नगामागे ऐंशी-शंभर रुपये सुटतील. म्हणजे प्रश्न गटाच्या पैशाचा झाला. मग आम्ही ती वस्तू नीट उलटसुलट करून पाहिली, आणि पाहता पाहता बरंच काही निघालं.

वस्तू तुम्ही पाहिली असेल. तळहातावर मावेल असा प्लॅस्टिकचा डबा, राखाडी किंवा लाल. वर छोटा पडदा, खाली डावीकडे अधिकच्या चिन्हासारखं बटण, उजवीकडे दोन गोल बटणं. खोक्यावर ‘रेट्रो’ आणि ‘४०० इन वन’ लिहिलेलं. रेट्रो म्हणजे जुन्याचं रूप घेतलेलं नवं. चालू केलं की मिशीवाला मारिओ उड्या मारतो, कॉन्ट्राचे दोन शिपाई गोळ्या झाडतात. मारिओचा तो खेळ १९८५ चा, कॉन्ट्रा १९८७ चा. तेव्हा ते टीव्हीला जोडून किंवा दुकानातल्या मोठ्या यंत्रावर खेळायचे. आता चारशे खेळ एका डब्यात, तीनशे ते सहाशे रुपयांत. खाडीपलीकडे काशेळी-काल्हेरला मोठमोठी गोदामं आहेत, तिथे आमच्यातल्या काही जणी पॅकिंगला जातात. त्यांच्या हातून असे डबे पार्सलमध्ये जाताना त्यांनीही पाहिलेत.

माल देणारा आणखी एक वाक्य बोलला. म्हणाला, पोरांचं निमित्त असतं हो, आई-बाप स्वतःसाठीच घेतात, त्यांना बालपण आठवतं.

तो गेल्यावर आमच्यातली एक जण म्हणाली, “बापाला आठवत असेल. आईला काय आठवणार? आमच्या हातात तो कधी आलाच नाही.”

मग आम्ही एकमेकींना विचारलं. लहानपणी कुणाच्या घरी व्हिडिओ गेम होता? सात-आठ हात वर झाले. तो कुणाचा होता? भावाचा, चुलतभावाचा, शेजारच्या मुलाचा. तुम्ही किती खेळलात? इथे बऱ्याच जणी गप्प. भाऊ जेवायला बसला की पाच मिनिटं. तो आजारी पडला तेव्हा. सेल संपत आले आणि पडदा फिका पडला, तेव्हा “घे आता तू खेळ” म्हणून. आमची आठवण आहे ती भावाच्या खांद्यामागून बघण्याची.

आपल्याकडे ऐंशी-नव्वदच्या दशकांत जन्मलेल्यांना आठवत असेल तो विटांचा गेम. लांबट डबा, दोन पेन्सिल सेल, पडद्यावर काळे चौकोन, दहा आडवे आणि वीस उभे. त्यातच वरून पडणाऱ्या विटा, त्यातच मोटारगाडी, त्यातच बेडूक आणि रणगाडा. खोक्यावर ‘९९९९ इन वन’ लिहिलेलं असायचं. प्रत्यक्षात खेळ बोटांवर मोजण्याइतके, बाकी सगळा वेग आणि पातळी बदलून फुगवलेला आकडा. पडद्यामागे दिवा नसायचा, म्हणून लाइट गेली की गेम बंद. जत्रेत, स्टेशनबाहेर, एसटी स्टँडवर मिळायचा. महाराष्ट्रातल्या लाखो घरांना हाच गेम बॉय, कारण खरा गेम बॉय आपल्याला परवडणारा नव्हताच.

आता हा खरा गेम बॉय कुठून आला, ते थोडं सांगतो, कारण त्यात आपल्या कामाची गोष्ट आहे. जपानमध्ये क्योटो शहरात १८८९ साली निंटेंडो नावाचं दुकान निघालं. काय बनवायचे? पत्ते! हाताने बनवलेले, फुलांच्या चित्रांचे पत्ते. पुढे पत्ते यंत्रावर बनू लागले आणि १९६५ मध्ये त्या यंत्रांची देखभाल करायला गुनपेई योकोई नावाचा तरुण कामाला लागला. एकदा आगगाडीत त्याने एक नोकरदार माणूस वेळ घालवायला खिशातल्या कॅल्क्युलेटरची बटणं दाबत बसलेला पाहिला. त्याला सुचलं, असा खिशात राहणारा खेळ का नसावा? कॅल्क्युलेटरचा पडदा तोवर स्वस्त झाला होता. त्याच पडद्यावर १९८० मध्ये त्याने हातातला खेळ काढला. घड्याळही त्यातच. ते अधिकच्या चिन्हासारखं बटण दोन वर्षांनी आलं, त्याच्याच डोक्यातून. आज जत्रेतल्या डब्यावर आहे ते तेच.

योकोईचा सगळ्या कामामागचा विचार असा होता की सगळ्यात नवं, महागडं तंत्र घेऊ नका. जे जुनं होऊन स्वस्त आणि भरवशाचं झालंय ते घ्या आणि त्याचा कुणी न केलेला उपयोग करा. १९८९ मध्ये गेम बॉय आला तेव्हा इतर कंपन्या रंगीत पडद्याचे गेम घेऊन उभ्या होत्या. गेम बॉयचा पडदा हिरवट, त्यात चारच छटा. पण चार पेन्सिल सेलवर दहा तासांहून जास्त चालायचा. रंगीतवाल्यांना सहा सेल लागायचे आणि ते काही तासांत संपायचे. गेम बॉय आणि त्याची पुढची रंगीत आवृत्ती मिळून ११ कोटी ८६ लाख नग खपले. सेल विकत आणणाऱ्या आईला यातलं गणित वेगळं समजवायला नको.

अमेरिकेत गेम बॉयबरोबर मारिओ द्यायचा की विटांचा टेट्रिस द्यायचा, यावर चर्चा झाली होती. टेट्रिस रशियातला, मॉस्कोच्या विज्ञान अकादमीत काम करणाऱ्या अलेक्सेई पाजितनोव यांनी १९८४ मध्ये बनवलेला. हेंक रॉजर्स नावाच्या गृहस्थांनी निंटेंडोला पटवलं की फक्त लहान मुलगे खेळावेत असं वाटत असेल तर मारिओ द्या, सगळ्यांनी खेळावं असं वाटत असेल तर टेट्रिस द्या. टेट्रिस दिला गेला. म्हणजे बायकांच्या हातातही हा खेळ जावा हा विचार तिकडच्या धंद्यात होता. आपल्याकडे विटा आल्या, तो विचार वाटेत कुठेतरी राहिला.

आता त्या चौकोनी-चौकोनी चित्रांबद्दल. आजची मुलं म्हणतात, आई, हे बघ पिक्सेलवालं, किती क्यूट. आमच्यातल्या भरतकाम करणाऱ्या दोघींनी बघितलं आणि म्हणाल्या, हे तर मॅटीवरचं क्रॉस स्टिच! खरंच तसंच आहे. मॅटीच्या कापडावर भोकं मोजून मोर काढायचा तर मोराची मान गोल येत नाही, पायऱ्या-पायऱ्यांची येते. भोकं कमी असतील तर डोळा म्हणजे एक टाका. जुन्या गेमचं तेच होतं. यंत्राला आठवण कमी, म्हणून चित्राला ठिपके कमी. १९८१ मध्ये शिगेरू मियामोतो यांनी मारिओ पहिल्यांदा काढला तेव्हा सोळा बाय सोळा ठिपक्यांत माणूस बसवायचा होता. तोंड दाखवायला जागा नाही, म्हणून मोठं नाक आणि खाली मिशी. केस उडताना दाखवता येत नाहीत, म्हणून डोक्यावर टोपी. हात हलताना दिसावा, म्हणून अंगात वेगळ्या रंगाचा कामगाराचा पोशाख. मिशी शोभेसाठी नव्हती, अडचणीतून निघालेली होती.

आज पडद्यावर लाखो ठिपके मावतात. तरीही मुद्दाम मोठे चौकोन काढणारे खेळ बनतात, विकले जातात. निंटेंडोने मारिओला ३५ वर्षं झाली म्हणून २०२० मध्ये योकोईच्या त्या जुन्या घड्याळ-गेमचं रूप पुन्हा बाजारात आणलं. अमेरिकेत २०२२ मध्ये प्लेडेट नावाचा पिवळा डबा निघाला. त्याला काळा-पांढरा पडदा आणि बाजूला फिरवायचा दांडा, आपल्या शेवयांच्या यंत्राला असतो तसा. तोही स्वस्त नाही. जी एके काळची अडचण होती ती आता हौस झाली आणि तिला भाव आला.

हे ऐकून आम्हाला हायवेवरच्या पाट्या आठवल्या. ‘चुलीवरचं मटण’, ‘चुलीवरची भाकरी’. आमच्या आगरी पट्ट्यात महोत्सव भरतात, तिथे चुलीवरच्या तांदळाच्या भाकरीपुढे लांबच लांब रांग लागते. भाकरी चांगलीच असते, तक्रार नाही. पण रांगेत उभा राहून “काय ते दिवस होते” म्हणणारा बहुतेक वेळा तो असतो ज्याने फुंकणी कधी तोंडाला लावली नाही. धूर जिच्या डोळ्यांत गेला ती चुलीची आठवण जरा वेगळी सांगते. आमच्या गटातल्या एका काकी म्हणतात, “भाकरी आठवते गो बाय, पण खोकला पण आठवतो.” जुन्याच्या आठवणीबद्दल आम्हाला एवढंच विचारावंसं वाटतं, तेव्हा तुम्ही चुलीच्या कुठल्या बाजूला बसला होता?

पत्त्यांवरून आणखी एक. निंटेंडोसारखीच हातांनी पत्ते बनवायची कला आपल्या सावंतवाडीत आहे, गंजिफा. गोल पत्ते, हाताने रंगवलेले, दशावतारी संचात १२० पान. खेळणारे संपत आले, रंगवणारे चितारी थोडे उरले, तेव्हा सावंतवाडीच्या राजघराण्याने, विशेषतः सत्वशीलादेवी भोसले यांनी ती शिकून घेतली आणि राजवाड्यात पुन्हा सुरू केली. आजही तिथे बसून पत्ते रंगवतात, आणि ते काम लोकांच्या पोटाला लागलंय. पण संच घेणारे बहुतेक भिंतीवर लावायला घेतात. डाव कसा मांडायचा हे माहीत असलेले थोडे. तिथे वस्तू वाचली आणि खेळ मागे पडला. व्हिडिओ गेमचं उलटं झालंय. मूळ वस्तू भंगारात गेली आणि खेळ नव्या डब्यात शिरला. आम्हाला विचाराल तर ज्याने हाताला काम दिलं ते जुनं आम्हाला जास्त जवळचं. चारशे खेळांचा डबा इथे कुणाच्या हाताला काम देत नाही, विकणाऱ्याला कमिशन देतो आणि गोदामातल्या बाईला पॅकिंगची मजुरी.

तरी बायकांची म्हणून एक खरी आठवण आहे, आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाणार नाही. साप! नोकियातला साप. फिनलंडमधल्या तानेली अरमान्तो यांनी तो १९९७ मध्ये नोकिया ६११० या फोनसाठी बनवला. आपल्या घरांत तो आला २००३ नंतर, नोकिया ११०० बरोबर. टॉर्चवाला, धुळीने न बिघडणारा फोन. जगात २५ कोटींच्या वर खपला. फोन घरच्या कामासाठी आला होता. मिस्ड कॉल द्यायला, माहेरची खुशाली घ्यायला. पण रात्री भांडी घासून झाली, सगळे झोपले की उशीखाली धरून साप खेळणाऱ्या आमच्यात कितीतरी जणी निघाल्या! एकीने सांगितलं, सासूबाईंना वाटायचं सून माहेरी मेसेज करते. दुसरी म्हणाली, बाळंतपणात रात्र-रात्र बाळ झोपायचं नाही, एका हाताने बाळाला थोपटत दुसऱ्या अंगठ्याने साप. कुणाला विचारावं लागलं नाही, कुणी “मुलींचं काय काम” म्हणालं नाही, कारण ते खेळणं नव्हतंच, फोन होता. नव्या कंपनीने २०१७ मध्ये नोकिया ३३१० जुन्या थाटात पुन्हा काढला, किंमतही ३,३१० रुपये ठेवली आणि त्यात साप दिला. तेव्हा तो घ्यावा असं वाटणाऱ्या बायाही होत्या. त्यांचं बालपण त्यात नव्हतं. स्वतःची अशी दहा मिनिटं होती.

आता मुलांचं. आम्हाला सारखं विचारतात की मोबाइलपेक्षा हा डबा बरा का? आमचं मत, काही बाबतीत बरा. त्याला इंटरनेट नाही. मध्येच जाहिरात येत नाही. अनोळखी माणूस गप्पा मारायला येत नाही. “हिरे घ्या, हत्यार घ्या” म्हणून पैसे मागत नाही, म्हणजे आईच्या खात्यातून रक्कम गेली असं होत नाही. मुख्य म्हणजे जुन्या खेळात माणूस हरतो. तीन लाइफ संपल्या की खेळ संपला. तेवढ्यात “आता ताईचा चान्स” म्हणायला जागा मिळते. मोबाइलवरचे बरेच खेळ संपूच नयेत अशा बेताने बनवलेले असतात, तिथे आईने कुठे थांबवायचं? पण डबा बरा म्हणजे दिवसभर चालेल असं नाही. पडदा लहान असतो, मुलं नाकाशी धरतात, अंधारात खेळतात. आणि गोळीबाराचे खेळ त्यातही आहेतच.

दुसरी एक गोष्ट आमच्या लक्षात आली ती मुलीमुळे. आठवीतली पोर मारिओ खेळत होती. विचारलं, तो एवढा धावतोय कशाला? म्हणाली, राजकन्येला सोडवायला. सात किल्ले फिरला तरी ती दुसऱ्याच किल्ल्यात, आठव्यात सापडते. मग राजकन्या तोवर काय करते? “काही नाही, वाट बघते.” जुनं रूप आणलं की जुनी समजूतही त्याबरोबर येते, ती कुणी वेगळी काढून ठेवत नाही. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींनी २०२० मध्ये ‘राजी’ नावाचा खेळ काढला. निंटेंडोच्या स्विचवर तो आला, जो हातात धरूनही खेळता येतो. त्यात राजी नावाची मुलगी राक्षसाने पळवलेल्या आपल्या धाकट्या भावाला सोडवायला निघते, आणि दुर्गादेवी तिच्या पाठीशी उभी राहते. महाग यंत्रावरचा खेळ आहे, आमच्या घरी नाही, तुमच्या घरीही बहुधा नसेल. पण चारशे इन वनमध्ये अशी एक जरी निघाली असती तर आम्ही माल देणाऱ्याला चहा पाजला असता.

आता पैशाचं. आम्ही तो माल ठेवला नाही. कारणं सांगतो, कारण तुमच्याकडेही असा कुणी येईल.

पहिलं, त्याच्याकडे पक्कं बिल नव्हतं आणि खराब नग परत घेणार नव्हता. शंभरातले दहा बंद निघाले तर नफा तिथेच गेला. दुसरं, खोक्यावर नोंदणी क्रमांक नव्हता. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय खूण सक्तीची आहे. व्हिडिओ गेम तर त्याच्याही आधीपासून भारतीय मानक ब्युरोच्या सक्तीच्या नोंदणीच्या यादीत आहे. त्यावर ब्युरोची खूण आणि ‘आर’ अक्षराने सुरू होणारा क्रमांक असायला हवा. तो खरा की खोटा हे ‘बीआयएस केअर’ नावाच्या ॲपवर टाकून बघता येतं. आमच्यातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने दोन मिनिटांत दाखवलं. तिसरं, आतले खेळ. मारिओ, कॉन्ट्रा हे ज्यांचे आहेत त्यांना न विचारता भरलेले असतात. जत्रेत कोण विचारतं, असं म्हणाल. पण गटाचं नाव बँकेत आहे, आणि आमच्या मसाल्याचं पाकीट कुणी नक्कल केलं तर आम्हीच आधी ओरडू.

चौथं कारण बॅटरी, आणि इथे सगळ्यांनी लक्ष द्या. त्या डब्याचं मागचं झाकण उघडलं तर आत निघाली नोकियाच्या जुन्या फोनमध्ये असायची तसली चपटी बॅटरी, बीएल-५सी. आठवतंय का २००७ चा ऑगस्ट? चार्जिंगला लावल्यावर तापू शकतात म्हणून नोकियाने त्या एका कारखान्यातल्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या बदलून द्यायची तयारी दाखवली होती. गावोगाव लोक फोन उघडून आकडे बघत बसले होते. त्या नावाच्या कंपनीने निदान जबाबदारी घेतली. जत्रेतल्या डब्यात त्याच मापाची, पण कुणी बनवली हे कळायला मार्ग नाही अशी बॅटरी असते. म्हणून घरात असा डबा असेल तर चार्जिंगला लावून झोपू नका, गादीवर किंवा उशीखाली चार्ज करू नका. बॅटरी फुगलेली दिसली, झाकण वर आलं, तर चार्जिंग बंद. फुगलेली बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, चुलीत तर अजिबात टाकायची नाही. सुक्या जागी वेगळी ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

त्याहून मोठी भीती बटणासारख्या चपट्या गोल सेलची. स्वस्त वाजणाऱ्या, चमकणाऱ्या खेळण्यांत आणि काही बारीक गेममध्ये ते असतात. ज्या झाकणाला स्क्रू नाही, नखाने उघडतं, ते खेळणं लहान मूल असलेल्या घरात नको. असा सेल मुलाने गिळला तर अन्ननलिका दोन तासांत आतून भाजायला लागते. मूल कधी कधी नुसतं लाळ गाळतं, खात नाही, बाकी हसतं-खेळतं. केळं भरवू नका, उलटी काढू नका, “उद्या संडासातून पडेल” म्हणून वाट बघू नका. गिळल्याची नुसती शंका आली तरी एक्स-रे असलेल्या दवाखान्यात ताबडतोब न्या आणि बटण-सेल गिळल्याचा संशय आहे असं स्पष्ट सांगा, कारण एक्स-रेत तो नाण्यासारखा दिसतो. तसलाच दुसरा सेल किंवा त्याचं पाकीट सापडलं तर बरोबर घ्या.

जत्रेत आम्ही नेहमीप्रमाणे आगरी मसाला, सुकट आणि पापड ठेवले. नमुन्याचा एक डबा मात्र माल देणारा सोडून गेला होता, त्याचे पैसे देऊन तो गटात ठेवलाय. महिन्याच्या बैठकीत हप्ते जमा झाले, वही लिहून झाली की तो बाहेर निघतो. नियम एकच, तीन लाइफ आणि पुढचीला. साठीच्या काकी पहिल्यांदा लाजल्या, आता नंबर लावतात. विटा रचण्यात त्या आमच्या सगळ्यांच्या पुढे आहेत. म्हणतात, जन्मभर फडताळात डबे बसवलेत, हे काय मोठं. घरी मात्र एका घरात भाऊ-बहीण असतील आणि डबा एक असेल तर आमचा अनुभव असा की न सांगता तो भावाकडेच जातो. भांडण झालं तरी चालेल, पण चान्स मोजून द्या.

आणि विकत घ्यायच्या आधी माळ्यावर बघा. भावाचा तो विटांचा गेम माहेरी एखाद्या डब्यात पडून असेल. आम्ही तीन आणले, दोन चालू झाले. सेल आत राहून गळलेले असतात, स्प्रिंगवर पांढरी-हिरवी पूड दिसते. हातात प्लॅस्टिकची पिशवी घालून जुने सेल काढा, कोरड्या टूथब्रशने पूड झाडा, पत्र्याची पट्टी बारीक पॉलिश पेपरने चमक येईपर्यंत घासा, हात साबणाने धुवा. पाणी लावू नका. मग दोन नवे पेन्सिल सेल, खुणा बघून, उलटसुलट न करता. पडद्यावर काळे चौकोन उमटले की झालं. शाई सांडल्यासारखा डाग दिसला तर आतली काच गेली, त्यावर खर्च करू नका. आवाज कर्कश असतो, तो बंद करायचं बटण त्यावर असतं, भावाने ते आपल्याला कधी दाखवलं नसेल.